स्पर्धेची तारीख आणि तलावाचे पाणी

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वे लातूरला पोहोचली तेव्हा तिला 10 वाघिणी होत्या. पुढे 50 वाघिणींची गाडी धावू लागली आणि एका खेपेत सुमारे 25 लाख लिटर पाणी येऊ लागले. जलतरण प्रशिक्षकाला हा आकडा वेगळाच दिसतो. 50 मीटर लांब, 25 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल तलाव भरायला बरोबर तेवढेच पाणी लागते. त्या उन्हाळ्यात लातुरात पोहण्याचा विषय काढायचीसुद्धा चोरी होती.

मराठवाड्यातला क्लब वर्षाच्या स्पर्धा ठरवायला बसतो, तेव्हा पाण्याचा हिशेब पहिल्या ओळीत यायला हवा. प्रत्यक्षात तो येतच नाही. जे निमंत्रण आधी येते तिकडे मुले जातात, किंवा शेजारचा क्लब जातो म्हणून जातात.

भारतीय जलतरण महासंघाच्या ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धा 2023 आणि 2024 मध्ये ऑगस्टच्या सुमारास भुवनेश्वरला झाल्या. त्यासाठीची राज्य निवड त्याआधी, म्हणजे खरी तयारी एप्रिल-मेमधली. नेमक्या त्याच दोन महिन्यांत इथले तलाव उन्हाळी शिबिरांच्या मुलांनी गजबजलेले असतात, आणि पाऊस हुकलेल्या वर्षी पहिली कात्री तलावाच्याच पाण्याला लागते. पुण्याचा मुलगा जेव्हा दिवसाला दोन सत्रे करत असतो, तेव्हा नांदेडच्या मुलाला एक मोकळी लेन मिळणे मुश्कील. शालेय स्पर्धांचा हंगाम मात्र पावसाळ्यात सुरू होतो. जिल्हा, मग लातूर विभाग, मग राज्य. पाणी असते, तलाव रिकामा असतो. म्हणून पुण्याच्या क्लबने शालेय स्पर्धा दुय्यम मानल्या तरी चालेल, इथल्या क्लबने मानू नयेत.

दुसरा हिशेब वयाचा. यंदा 14 पूर्ण करणारा मुलगा महासंघाच्या 14 वर्षांपर्यंतच्या गटात सर्वांत थोरला असतो. तोच मुलगा शालेय स्पर्धेत 14 वर्षांखालील गटातून बाहेर पडून 17 वर्षांखालील गटात धाकटा ठरतो. त्याच्यासाठी हे वर्ष महासंघाच्या स्पर्धेचे. पुढच्या वर्षी तो 15 ते 17 च्या गटात सर्वांत लहान असेल, तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेचे तिकीट काढण्यापेक्षा विभाग आणि राज्य पातळीवर पाय रोवलेले बरे. एकाच क्लबच्या दोन मुलांसाठी वर्षाची मुख्य स्पर्धा वेगळी असू शकते. सगळी पोरे एकाच बसमध्ये बसवली की प्रशिक्षकाची सोय होते, एवढेच.

मुख्य स्पर्धा एकदा ठरली की बाकीच्या तिच्यासाठी. साजन प्रकाशने टोकियोच्या वेळी हेच केले. जून 2021 मध्ये बेलग्रेडला 200 मीटर बटरफ्लायमध्ये त्याने 1:56.96 वेळ दिली. ऑलिंपिकचा ‘अ’ निकष होता 1:56.48. मुदत संपायला एक दिवस उरला असताना, 26 जूनला रोमच्या सेत्ते कोल्ली स्पर्धेत त्याने 1:56.38 नोंदवली आणि ‘अ’ निकष गाठणारा पहिला भारतीय जलतरणपटू ठरला. बेलग्रेडची शर्यत रोमच्या कामी आली. नांदेडच्या मुलासाठी जिल्हा स्पर्धेने विभागाच्या बाबतीत हेच काम करावे.

आपल्याकडे मात्र मधल्या स्पर्धांचे पदक मोजले जाते. खासगी आयोजकांच्या ‘राज्यस्तरीय’, ‘राष्ट्रीय’ नावाच्या निमंत्रित स्पर्धांत पदके भरपूर, वेळ मात्र हाताच्या घड्याळावर आणि तलावाची लांबी आयोजकांच्या शब्दावर. दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण किंवा सरकारी नोकरीतले खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण मान्यताप्राप्त स्पर्धांच्याच प्रमाणपत्रावर मिळते. लातूर-नांदेड ही शिकवण्यांची शहरे आहेत. नववीनंतर मुलगा तलावावर राहील की नाही, हा निर्णय घरी याच हिशेबावर होतो. पालकांसमोर कोणती स्पर्धा मान्य आणि कोणती नाही, हे प्रशिक्षकाने प्रवेश शुल्क घेण्याआधी सांगावे. यादीतून काही खोडायचेच असेल तर या निमंत्रित स्पर्धा आधी खोडाव्यात.

प्रवासाचे पथ्यही आहेच. नांदेड-पनवेल एक्स्प्रेस परळी, लातूर, कुर्डुवाडी करत पुण्याला नेते. रात्रभर बसून आलेल्या मुलाला सकाळच्या हीटमध्ये उतरवून त्याची वेळ बिघडली म्हणून रागावणे हा अन्याय आहे. एक मुक्काम आधी परवडत नसेल तर त्या वर्षी एक स्पर्धा कमी करावी. शिवाय 25 मीटरच्या तलावात वाढलेल्या मुलाच्या वेळेत जादा टर्नचा फायदा मिसळलेला असतो. पुण्यातल्या बालेवाडीच्या 50 मीटरमध्ये तो नाहीसा होतो आणि शेवटच्या 15 मीटरमध्ये हात जड पडतात. नांदेडहून हैदराबाद पुण्यापेक्षा बरेच जवळ आहे. तिथला गच्चीबावलीचा तलाव 2002 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभा राहिला. राज्य निवडीआधी अशा लांब तलावात परवानगी काढून दोन-तीन दिवसांचा सराव मिळाला, तर तो एखाद्या निमंत्रित स्पर्धेपेक्षा उपयोगी पडेल.

लातूर आणि नांदेडच्या क्लबांनी एक गोष्ट याच हंगामात करावी. विभागीय स्पर्धेच्या तीन आठवडे आधी, ज्या शहरातला तलाव चालू असेल तिथे, टेप लावून मोजलेल्या अंतरावर आणि एका लेनला तीन घड्याळे लावून संयुक्त चाचणी घ्यावी. पदके नकोत, प्रमुख पाहुणे नकोत. त्या दिवशीच्या वेळा कागदावर घेऊन पालकांसोबत बसावे आणि कोण कुठे जाणार ते ठरवावे.