तास टिपायचा तर आधी आवाज पाहा

विदर्भातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या वर्गातली निम्मी मुले खेड्यांवरून एस.टी.ने येतात. पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत बाके रिकामी पडतात; दोन-तीन आठवड्यांनी मुले परत येतात तेव्हा धडा पुढे गेलेला असतो आणि काही जण मग येतच नाहीत. अशा मुलांसाठी तासांचे व्हिडिओ करून ठेवावेत, असे बाईंच्या मनात आहे. संस्थेने 15 हजार रुपये मंजूर केले आहेत. त्या विचारतात, ‘कॅमेरा कोणता घेऊ?’

बाई, कॅमेरा घेऊच नका. तुमच्या पर्समधला मोबाइल या कामाला पुरेसा आहे.

15 ऑगस्ट 1984 रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला, तेव्हा व्हिडिओ करायचा म्हणजे स्टुडिओ, भारी कॅमेरे, दिव्यांचा लखलखाट आणि हाताशी तंत्रज्ञ, असा थाट लागे. आता चित्राचा प्रश्न जवळपास मिटला आहे. आवाजाचा मात्र तसाच आहे. किंचित धूसर चित्र मुले चालवून घेतात, पण शब्द कळेनासा झाला की दोन मिनिटांत व्हिडिओ बंद करतात.

फळ्यासमोर तुम्ही आणि शेवटच्या बाकावर मोबाइल, अशी मांडणी केली की माइक तुमच्यापेक्षा पंख्याचे जास्त ऐकतो. अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, हे विज्ञानाच्या प्राध्यापिकेला मी काय सांगावे! त्यात कॉलेजच्या उघड्या भिंती आवाज परत फेकतात. म्हणून पहिला खर्च कॉलरला लावायच्या माइकचा. वायरचा साधा माइकही उत्तम काम देतो. फळ्यापाशी फिरत शिकवायची सवय असेल तर बिनवायरचा घ्या. मात्र दुकानात आपला मोबाइल घेऊन जा. काहींना गोल पिन लागते, काहींना टाइप-सी. तिथेच मिनिटभर बोलून, इयरफोन लावून ऐकून पाहा. माइक पदराच्या किंवा ओढणीच्या घासण्यापासून दूर लावा.

दुसरा खर्च स्टँडचा. मोबाइल आडवा ठेवावा, खिडकी पाठीमागे नसावी आणि ‘एरोप्लेन मोड’ चालू असावा; नाहीतर ऐन समीकरणात भाचीचा फोन यायचा.

आता मुख्य गोष्ट. तुमचा विषय रसायनशास्त्र, म्हणजे बंध कुठला तुटला आणि बाण कुठून कुठे गेला, हे हाताने काढून दाखवल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. त्यासाठी मोबाइल खाली तोंड करून टेबलावर बसवा आणि कोऱ्या कागदावर जाड पेनाने लिहीत बोला. 2014 साली फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या संस्थेच्या चार अभ्यासक्रमांतले व्हिडिओ पाहण्याच्या 69 लाख नोंदी तपासल्या होत्या. त्यांत नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने काढत समजावलेले व्हिडिओ मुले अधिक वेळ पाहत होती. आणि लांबी? सहा मिनिटांपुढे लक्ष ओसरत होते. वर्गातला अख्खा तास कापून केलेल्या तुकड्यांपेक्षा मुद्दाम व्हिडिओसाठी बोललेले भाग सरस ठरले. तेव्हा पूर्ण तास टिपत बसू नका. एक मुद्दा, एक व्हिडिओ.

तक्ते वा आलेख दाखवायचे असतील तर पॉवरपॉइंटमध्येच आवाज भरता येतो. प्रत्येक स्लाइडचा आवाज वेगळा साठत असल्याने चूक झाली तर तेवढीच स्लाइड पुन्हा बोलायची. संगणकाच्या पडद्यावरचे सगळे टिपायचे असेल तर ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. सुरुवातीला त्याची बटणे पाहून जीव दडपतो, पण चार दिवसांत हात बसतो. त्यात रेकॉर्डिंग ‘एमकेव्ही’ प्रकारात ठेवा. मध्येच वीज गेली तरी तोवरचे काम वाचते. साध्या ‘एमपी४’ प्रकारात पूर्ण फाइल हातची जाऊ शकते. नंतर त्याच सॉफ्टवेअरच्या फाइल मेनूतून ती एमपी४ करून घेता येते. भारनियमनाचा अनुभव असलेल्यांना याचे मोल सांगायला नको.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातले धडे साधारण दहा-दहा मिनिटांचे आहेत. चित्र तेच, आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत. तुमच्या मुलांना इंग्रजी पुस्तक आणि मराठी कान असेल, तर संज्ञा इंग्रजी ठेवून समजावणे खुशाल मराठीत करा.

राहिला मुलांच्या डेटाचा प्रश्न. मोबाइलमधून निघालेली फाइल फार जड असते. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने ती हलकी करा. अक्षर मोठे असेल तर 480 चे चित्रही पुरते. मग वर्गातल्या सर्वांत जुन्या मोबाइलवर, त्या मुलाच्याच हातात देऊन, वाचता येते का ते पाहा. स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यावरची परीक्षा इथे कामाची नाही. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवला की तो शोधात दिसत नाही, पण दुवा हाती असलेला कोणीही पाहू शकतो, हे ध्यानात असू द्या. म्हणून वर्गात टिपताना मुलांचे चेहरे आणि प्रश्न विचारून, संमती घेऊनच ठेवा. लाजून प्रश्न न विचारणारी मुले कॅमेऱ्यापुढे आणखी गप्प होतात.

एवढे करून मंजूर रकमेतले बरेच पैसे उरतील. त्यातून एक हार्ड डिस्क घ्या आणि मूळ फायली तिच्यात जपा. संस्थेला मोठा चकचकीत पडदा घ्यायचा मोह झाला तर शांतपणे माइकची पावती दाखवा.

आणि सुरुवात पहिल्या धड्यापासून करू नका. दरवर्षी काढणीनंतर परतलेली मुले ज्या भागासाठी स्टाफरूमच्या दाराशी उभी राहतात, तो भाग आधी टिपा.