आधी पाणी, मग कोरफड

होळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील रानांत पळस फुलतो आणि त्याच्या पाठोपाठ ऊन आपले खरे रूप दाखवू लागते. पूर्वी अनेक घरांत पळसाची फुले पाण्यात भिजत घालून त्या केशरी पाण्याने मुलांना आंघोळ घालण्याची पद्धत होती. उन्हाळा बाधू नये, ही त्यामागची श्रद्धा. फुलांचा गुण किती आणि थंड पाण्याचा किती, हा वाद बाजूला ठेवू. त्या आंघोळीच्या निमित्ताने मुलाच्या सर्वांगावरून आईचा किंवा आजीचा हात फिरत असे आणि कुठे पुरळ आले, कुठे कातडी तापली, हे त्या हाताला आपोआप कळत असे. आज या सदरात उन्हाने पोळलेल्या त्वचेसाठी कोरफडीचा लेप कसा करावा, हे सांगायचे आहे. मात्र तो लेप लावणारा हात या वेळी घरातील वृद्धांच्या अंगावरून फिरायचा आहे, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे ‘ऊन लागले’ हा एकच शब्दप्रयोग दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. उघड्या त्वचेवर सूर्याचे अतिनील किरण पडून ती पोळते, ही पहिली गोष्ट. उष्णतेने संपूर्ण शरीराचा तोल बिघडतो, ही दुसरी. पहिलीवर घरगुती उपचार चालतो. दुसरीवर चालत नाही. दोन्ही एकाच दुपारी, एकाच माणसाला होऊ शकतात. म्हणून मानेवर लेप लावत असताना चेहऱ्याकडे पाहायला विसरता कामा नये.

मे महिन्याच्या अखेरीस, नवतप्याच्या दिवसांत, पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला असताना शेते मोकळी नसतात. खरिपाची मशागत चालू असते, धसकटे वेचायची असतात. आयुष्यभर शेती केलेले आजोबा घरात स्वस्थ बसत नाहीत. ‘जरा बांधावर पाहून येतो’ म्हणून सकाळी निघालेली पावले परततात ती भर दुपारी. डोक्याला दुपट्टा असतो, पण मानेची मागची बाजू, हातांचे पृष्ठभाग आणि पायांचे वरचे भाग उघडेच राहतात.

गोऱ्या कातडीवर पोळल्याची लाली लगेच दिसते. आपल्या सावळ्या त्वचेवर ती सहज दिसत नाही आणि ‘आपल्याला कसले ऊन पोळते’ असा गैरसमज रूढ होतो. सावळी त्वचाही पोळते. ती डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळते. तळहाताची मागची बाजू वृद्धाच्या मानेला आणि दंडाला हलकेच लावून पाहावी. आजूबाजूच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम, ताणलेली किंवा हुळहुळी वाटली, तर ती पोळली आहे असे समजावे. हा त्रास उन्हात असतानाच जाणवतो असे नाही. तो काही तासांनी सुरू होतो, पुढच्या दिवसापर्यंत वाढतो आणि साधारण आठवडाभरात निवळतो. दुपारी ‘काही नाही’ म्हणणारे आजोबा रात्री कुशीवर वळताना कण्हतात ते यामुळेच.

वाढत्या वयात त्वचा पातळ होते आणि तहानही कमी लागते. मधुमेह जुना असेल, तर हातापायांची संवेदना मंदावते. रक्तदाबासाठी दिली जाणारी हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी लघवी वाढवणारी औषधे आणि डॉक्सीसायक्लिनसारखी काही प्रतिजैविके त्वचेला उन्हाबाबत अधिक हळवी करतात. अशी औषधे मनाने बंद करू नयेत. उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे.

आता उपचाराकडे वळू. पहिले औषध माठाजवळच असते. माणसाला सावलीत आणावे, घट्ट कपडे सैल करावेत आणि पोळलेल्या भागावर गार पाण्यात भिजवून पिळलेले सुती फडके १० ते १५ मिनिटे ठेवावे. फडके तापले की पुन्हा भिजवावे. दिवसातून तीन-चार वेळा असे करता येते. पाणी माठाइतके गार असावे. बर्फ थेट लावू नये. आधीच दुखावलेल्या नाजूक त्वचेला त्याने आणखी इजा होते. सोबत घोटाघोटाने पाणी, पन्हे किंवा पातळ ताक द्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर अथवा मिठावर मर्यादा आहे, त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी घालून दिलेले प्रमाण पाळावे.

त्वचेची धग उतरली की मग कोरफड. आयुर्वेदात हिला कुमारी म्हणतात आणि भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ ग्रंथातही तिचे वर्णन आहे. परसात किंवा कुंडीत ती कमी पाण्यावर जगते. परंतु शेताच्या बांधावरील घायपात तिच्यासारखीच दिसते आणि घाईत फसगत होते. घायपाताचे पान कडक, धाग्यांचे आणि टोकाला अणकुचीदार काटा असलेले असते. त्याचा रस त्वचेची आग करतो. कोरफडीचे पान गुबगुबीत असते आणि कापल्यावर आत पारदर्शक गर दिसतो. खात्री नसेल, तर पान वापरू नये.

कोरफडीचे खालच्या बाजूचे, पूर्ण वाढलेले पान बुंध्याशी कापावे. कापलेले टोक खाली करून ते एका वाटीत १५ मिनिटे उभे ठेवावे. त्यातून पिवळसर चीक निथळेल. हा चीक त्वचेला झोंबतो आणि पोटात गेला तर जुलाब होतात, म्हणून तो फेकून द्यावा. ही पायरी अनेक जण गाळतात आणि मग ‘कोरफड मानवत नाही’ असे म्हणतात. पान स्वच्छ पाण्याने धुऊन दोन्ही कडांचे काटे काढावेत, वरची हिरवी साल सोलावी आणि आतला गर चमच्याने काढून पुन्हा एकदा धुवावा. धुतलेल्या वाटीत तो चमच्याने घोटला की लेप तयार. त्यात आणखी काहीही मिसळण्याची गरज नाही.

हा लेप पहिल्यांदाच वापरणार असाल, तर उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच एखाद्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी. खाज किंवा पुरळ आले, तर कोरफड त्या व्यक्तीसाठी नाही. सोसत असेल, तर पोळलेल्या जागी न चोळता पातळ थर द्यावा आणि दिवसातून दोन-तीन वेळा लावावा. उरलेला गर झाकणाच्या डब्यात शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवसानंतर टाकून द्यावा. वीजपुरवठा जात-येत असेल, तर दर वेळी ताजाच काढावा. झाड दारात आहे, त्याला कंजुषी नको.

कोरफडीकडून अपेक्षाही बेताची ठेवावी. ती गारवा देते, ताण आणि आग कमी करते, कोरडी पडलेली त्वचा ओलसर ठेवते. किरणांनी झालेली इजा ती पुसून टाकत नाही. ते काम शरीर आपल्या गतीने करते.

काय लावू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. तूप आणि तेल ताज्या पोळलेल्या जागी लावल्यास आतली धग कोंडली जाते. टूथपेस्टने आग वाढते. मुलतानी माती वाळताना त्वचा ओढते आणि काढताना ती खरवडली जाते. लिंबाचा रस तर मुळीच नको. तो त्वचेवर असताना ऊन लागले, तर फोड येऊन काळे डाग महिनोन्महिने राहू शकतात. बावचीचे तेलही असेच त्वचेला उन्हात पोळवणारे आहे. वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, हा समज या दोन उदाहरणांवरून तरी सोडावा. खिशात कांदा ठेवण्याने अपाय काही नाही. पण त्याच्या भरवशावर दुपारी बाहेर पडणे अपायकारक आहे.

आता थांबायचे कुठे, ते पाहू. फोड आले असतील, तर ते फोडू नयेत, त्यांवर गर लावू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून मधुमेही व्यक्तीचे तळवे भाजले असतील, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी दाखवावे. अंगदुखीची घरातली गोळी विचारल्याशिवाय देऊ नये. शरीरात पाणी कमी असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात.

आणि वृद्ध व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, झोपाळल्यासारखी झाली, वारंवार उलट्या झाल्या, झटका आला किंवा अंग तव्यासारखे तापले, तर लेपाची वाटी खाली ठेवावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून पंख्याचा वारा घालावा. काखेत आणि मानेला ओले फडके ठेवावे. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीने ही उष्णता उतरत नाही. घाम येत असला, तरी उष्माघात असू शकतो.

दुपारी १२ ते ४ घरात थांबणे, लांब बाह्यांचा सुती सदरा आणि मानेपर्यंत येणारा दुपट्टा, हे उपाय कोणत्याही लेपापेक्षा मोठे आहेत. आजोबांना ‘जाऊ नका’ म्हटल्याने ते थांबणार नाहीत, हे घरातील सारेच जाणतात. बांधावरची फेरी सकाळी ८ च्या आत उरकावी, असे त्यांच्याशी बोलून ठरवावे आणि शक्य तर एखाद्या नातवाला सोबत धाडावे. संध्याकाळी पाण्याचा तांब्या पुढे करताना सहज त्यांच्या मानेवर हात ठेवावा. ती जागा गरम लागली, तर काय करायचे ते आता आपल्याला ठाऊक आहे.