"आमच्या वेळी असलं नव्हतं"

परवा भाच्याच्या हातातला मोबाईल ओढून घेताना मी हे वाक्य बोललो आणि नंतर माझी मलाच लाज वाटली. कारण असलं होतं!

आमच्या जतला यल्लम्माच्या जत्रेत व्हिडिओ गेमचं पाल लागायचं. पाळण्यात बसायला दिलेले पैसे मी तिथं उडवायचो. वरून परग्रहवाल्यांच्या रांगा खाली सरकत यायच्या, खाली आपलं एकुलतं एक यान. या सगळ्या खेळांचा आजोबा म्हणजे १९७८ चा जपानी 'स्पेस इन्व्हेडर्स'. तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी तो बनवला. पडद्यावर ५५ शत्रू. जितके मारावेत, तितके उरलेले जोरात धावतात. खरं तर हा यंत्राचा दुबळेपणा. चित्रं कमी झाली की प्रोसेसर ती भरभर काढायचा. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं, कारण त्यानं खेळणाऱ्याचा जीव वरखाली व्हायचा. सगळे मारले तर? पुन्हा ५५ हजर! म्हणजे कायमचं जिंकणं नाहीच. हरायचं आणि नवं नाणं टाकायचं.

आता सांगा, हा खेळ निरागस होता? फरक इतकाच, की खिसा रिकामा झाला की पालवाला आम्हाला उठवायचा. भाच्याला उठवणारं कुणी नाही.

तेव्हा मंडळी, आपण शहाणे होतो हे ढोंग पुरे. आपल्याकडे पैसे नव्हते, एवढंच. पोरांना बोल लावण्याआधी त्यांच्या शेजारी बसून तो खेळ त्यांना कसा धरून ठेवतो, ते तरी बघा. मी कालपासून बसतोय.