निमोचं घर आणताय? आधी ओळख करून घ्या!

ड्रॉइंग रूममधला सॉल्टवॉटर टँक म्हणजे स्टेटस आणि स्ट्रेसबस्टर, टू-इन-वन! २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ आला आणि जगभरच्या टँकवाल्यांना क्लाउनफिशचं वेड लागलं. क्लाउनफिश घरी आला की पुढची फर्माईश ठरलेली. त्याचं घर! म्हणजे सी अ‍ॅनिमोन, आपल्या भाषेत समुद्रफूल. दुकानात ते मस्त डुलत असतं, आपण खिसा हलका करतो आणि दोन-तीन महिन्यांत त्याचा लगदा होतो.

असं का होतं? कारण आपण शोभेचं फूल समजून आणतो आणि तो असतो चक्क एक प्राणी. तोही दीर्घायुषी! सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक अ‍ॅनिमोन आणून काचेच्या बरणीत पाळला. डॅलिएल १८५१ मध्ये गेले. ‘ग्रॅनी’ या नावाने गाजलेला तो अ‍ॅनिमोन मात्र १८८७ पर्यंत जगला. तो थंड पाण्यातला, काटक जातीचा होता हे खरं. पण मुद्दा लक्षात आला ना? हे लग्नाच्या हॉलमधलं डेकोरेशन नाही, लाँग टर्म कमिटमेंट आहे.

कोण आहे हा?

अ‍ॅनिमोनच्या जाती हजाराहून जास्त. क्लाउनफिश संसार थाटतो तो त्यातल्या फक्त दहांत. दुकानात हमखास भेटणारे चेहरे असे:

बबल टिप : शुंडकांची टोकं फुग्यासारखी. कधी कधी हे फुगे गायबही होतात, म्हणून देठ बघा. तो गुळगुळीत, पुळ्या नसलेला. पाय दगडाच्या फटीत रोवतो. नवशिक्यांसाठी हाच बरा.

सेबी : लांब, निमुळती शुंडकं, टोकाला बरेचदा जांभळी छटा. देठ करडा, चामड्यासारखा, पुळ्यापुळ्यांचा.

लाँग टेंटॅकल : देठाचा खालचा भाग नारिंगी-लाल. पाय वाळूत पुरतो, त्यामुळे वाळूचा जाड थर हवा.

कार्पेट : आखूड, दाट शुंडकं. खरंच गालिचा! अर्ध्या मीटरहून मोठा होऊ शकतो आणि शेजारचे मासे गट्टम करतो.

मॅग्निफिका : देठ झक्कास रंगीत. खडकाच्या माथ्यावर, भरपूर उजेडात बसणारा. दिसायला हीरो, सांभाळायला महाकठीण.

आणि एक बिनबुलाया मेहमान, एप्टेशिया. इंचभर, तपकिरी, दगडाबरोबर फुकट येतो. त्याला चिरडू नका, उरलेल्या तुकड्यांतून नवे उगवतात!

दुकानात काय बघाल?

तोंड घट्ट मिटलेलं हवं. ते आ वासून लोंबत असेल तर नमस्कार करून पुढे चला. पाय फाटलेला नको. शुंडकं चिकट हवीत. आणि पांढऱ्याशुभ्र रंगावर अजिबात भाळू नका. अ‍ॅनिमोनच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न बनवून यजमानाला देतं. पांढरा रंग म्हणजे ते शैवाल निघून गेलंय, गडी उपाशी आहे. भडक पिवळा किंवा गुलाबी दिसला तर तो चक्क रंगवलेला असू शकतो.

घरची तयारी

टँक किमान सहा महिने जुना हवा, वर्षाचा असेल तर उत्तम. पाणी आरओचं, क्षारता १.०२५ च्या आसपास, तापमान २५-२६ अंश. म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात चिलर आलाच. लाइट दमदार. पंपांच्या तोंडाला जाळी लावायचीच. अ‍ॅनिमोन जागा आवडेपर्यंत फिरत राहतो आणि पंपात अडकून चिंधड्या झाल्या तर अख्ख्या टँकचं पाणी नासतं. माशांचं तांबं असलेलं औषध या टँकमध्ये कधीही नाही. आठवड्यातून एकदा कोळंबीचा छोटा तुकडा पुरे. वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर हवेच्या पंपाला बॅटरी बॅकअप ठेवा.

आणि हो, सजावटीला कोरल नको. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळांना वाघाइतकंच, शेड्यूल एकचं संरक्षण आहे.

पण हवाच का?

आता खरी गंमत. टँकमध्ये क्लाउनफिशला अ‍ॅनिमोनची गरजच नसते! समुद्रात तो शत्रूपासून लपायला तिथे राहतो. तुमच्या हॉलमध्ये त्याला कोण खाणार? क्लाउनफिशची टाकीत पैदासही होते. मंडपमला सीएमएफआरआय या केंद्रीय संस्थेने ती करून दाखवली आहे. अ‍ॅनिमोन मात्र बहुतेक वेळा थेट समुद्रातूनच उपटून येतो. म्हणजे तुमच्याकडे एक मेला की तिकडचा एक कायमचा कमी.

तरीही मोह आवरत नसेल, तर बबल टिप घ्या आणि तो एखाद्या अनुभवी टँकवाल्याकडून घ्या. हा पठ्ठ्या स्वतःचे दोन भाग करून वाढतो, त्यामुळे टाकीतच जन्मलेला पीस मिळू शकतो. टँक नवा असेल तर सहा महिने थांबा. तोवर ओहोटीच्या वेळी मुंबईच्या एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर चक्कर मारा. खडकांतल्या डबक्यांत नीट बघितलंत तर समुद्रफुलं तिथेही भेटतील. फक्त बघा, फोटो काढा. उपटू नका!