सहा आठवड्यांचे सांत्वन

गेल्या दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी फराळाला आली, ती हातात प्रमाणपत्र घेऊन. मानसशास्त्राची पदवी पदरात पडण्याआधीच ती श्रीलंकेच्या उत्तरेला, किलिनोच्ची जिल्ह्यात, ‘ट्रॉमा थेरपी’चे गट उभारण्यासाठी सहा आठवडे प्रशिक्षणार्थी म्हणून जाऊन आली होती. वडिलांनी त्यासाठी एका संस्थेकडे भरभक्कम शुल्क मोजले होते. आमच्या घरातून कौतुकाने तिच्या ताटात आणखी एक करंजी वाढण्यात आली. मला मात्र ते कौतुक गोड लागेना. त्यापायी कुणी मला अरसिक म्हटले तरी बेहत्तर.

ट्रॉमा म्हणजे मनाला झालेली जखम, एवढे कळायला माझी मॅट्रिक पुरे आहे. अशा जखमी माणसांना एकत्र बसवावे, एकाने बोलावे, इतरांनी ऐकावे, ही कल्पनाही वाईट नव्हे. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्डच्या लष्करी रुग्णालयात खचलेल्या सैनिकांसाठी असे गट चालले आणि तिथे या विद्येने बाळसे धरले. पण ते चालवणारे बियॉन आणि फूक्स हे मुरलेले डॉक्टर होते, आणि रुग्ण काय बोलतो ते त्यांना दुभाष्यावाचून समजत होते.

आमच्या मुलीला तमिळ येत नव्हते. शेजारी एक दुभाषी मुलगी बसे. समोर दहा-बारा बायका. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा २००९ साली युद्ध संपता संपता सैन्याच्या स्वाधीन झालेला आणि पुन्हा न दिसलेला. पहिल्या आठवड्यात बायकांनीच हिची चौकशी केली: लग्न झाले का, आई आहे का, जेवतेस कुठे. कागदावर नदी काढायची आणि तिच्यात आपल्या आयुष्यातले दगड दाखवायचे, असा एक खेळ हिला शिकवून पाठवले होते. पाहुणीचे मन मोडू नये म्हणून बायका तोही खेळल्या. पाचव्या आठवड्यात त्यांतली एक बोलू लागली, आणि ऐकता ऐकता दुभाषी मुलगीच गप्प झाली. तिचाही भाऊ बेपत्ता होता.

“मग तू काय केलेस?”

“सर, अशा वेळी काय करायचे ते कुणी शिकवलेच नव्हते. मी दोघींना पाणी आणून दिले.”

पुढच्या शनिवारी तिचे विमान सुटले.

पोरीला मी बोल लावत नाही. पाणी देण्यात तिने शहाणपणच केले. माझे भांडण आहे ते तिला तिथे बसवणाऱ्यांशी. घाव होऊन गेला, आता तो भरून काढू, असे हे शास्त्र धरून चालते. त्या बायकांचे मात्र काही होऊन गेलेलेच नाही! नवरा आहे की नाही हे ठाऊक नसलेल्या बाईने कपाळीचे कुंकू (तिकडे त्याला पोट्टू म्हणतात) ठेवावे की पुसावे, हे कोणत्या नदीच्या चित्रात बसते? फेब्रुवारी २०१७ मध्ये किलिनोच्चीतल्या अशाच आया आपापल्या माणसांचे फोटो घेऊन रस्त्याच्या कडेला धरणे धरून बसल्या. गट त्यांनी स्वतःच उभारला होता. त्यांना हवे होते ते उत्तर, आणि ते सरकारने द्यायचे होते. ते मिळेना, म्हणून त्यांना ‘थेरपी’ द्यायची, हा न्याय मला उमगत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते की, काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे. हे धान्याच्या बाबतीत खरे. उकरलेल्या दुःखाचे तसे नसते. आघातानंतर माणसाला एकदाच बसवून सारे वदवून घेण्याच्या पद्धतीचा २००२ साली कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी आढावा घेतला. तिचा लाभ दिसला नाहीच. काहींचा त्रास वाढल्याचेही आढळले. चुकीचे गणित शिकवले तर मी दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन दुरुस्त करतो. विमानात बसलेला प्रशिक्षणार्थी काय दुरुस्त करणार?

परदेशी जाऊच नये, असे मी म्हणत नाही. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून हरारेच्या म्बारे वस्तीतल्या चौदा आज्यांना हाताशी धरले. दवाखान्याच्या आवारात बाक टाकून आज्या लोकांचे ऐकू लागल्या. बाकाला ‘मानसिक आरोग्य’ असे नाव दिले तर कुणी फिरकणार नाही, ‘मैत्रीचा बाक’ म्हणा, हेही आज्यांनीच डॉक्टरांना सुनावले. फार विचार करकरून माणूस पोखरला जातो, त्याला शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात. आज्यांनी तोच शब्द वापरला. आमच्या मुलांनी अशा आजीपाशी जावे, तिची भाषा शिकावी, वह्या भराव्यात, सतरंज्या घालाव्यात. वर्ष दोन वर्षे. गट चालवायचा तो आजीने. कारण पुढच्या सोमवारीही ती त्याच बाकावर असणार आहे.

मी त्या संस्थेला पत्र लिहिले. दोनच गोष्टी विचारल्या: ती बोलू लागलेली बाई आता कुणाशी बोलते, आणि मुलीच्या शुल्कातून दुभाषी मुलीच्या हातावर किती पडले? पत्राचे उत्तर नाही. महिन्याभराने पुढच्या तुकडीचे रंगीत माहितीपत्रक मात्र माझ्या पत्त्यावर आले. पंधरवड्यात नाव नोंदवले तर शुल्कात सवलत आहे.