चौकशीवाचून बडतर्फी : हा न्याय की मर्जी ?

पोरगा पोलिसांत चिकटावा म्हणून पणदऱ्याचा कुणबी काय खस्ता खातो, हे नीरा कालव्याकाठच्या पंचक्रोशीस सांगावयास नको. त्या पोराच्या हाती एके दिवशी ‘तुला बडतर्फ केले आहे’ एवढाच कागद पडावा आणि त्याचे म्हणणे कोणी ऐकूही नये, हा कोणत्या चावडीवरचा न्याय ?

राज्यघटनेचे ३११ वे कलम सांगते की, सरकारी नोकरास आरोप कळवा, त्याचे म्हणणे ऐका, मगच काढा. पण त्याच कलमात एक चोरवाट आहे. चौकशी करणे व्यवहार्य नाही, असे कारण वरिष्ठाने लिहून ठेवले की चौकशीस फाटा ! सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली तुलसीराम पटेल खटल्यात ही सवलत मान्य केली. परंतु केवळ चौकशी टाळण्यासाठी, किंवा खात्याची बाजू लंगडी आहे म्हणून, ती वापरता येणार नाही असेही बजाविले.

मुंबईचे माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांचेच पाहा. गुंडटोळ्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून ऑगस्ट २००८ मध्ये त्यांना चौकशीवाचून बडतर्फ केले. मे २००९ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने तो हुकूम रद्द केला. २०१७ साली ते कामावर परतले. पुढे २००६ च्या एका बनावट चकमकीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये त्यांना जन्मठेप ठोठावली व त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

शर्मांची वकिली आम्हांस करावयाची नाही. आमचे म्हणणे इतकेच की, २००८ सालीच साक्षीपुरावे घेऊन चौकशी झाली असती, तर त्या आरोपातले खरेखोटे तेव्हाच चव्हाट्यावर आले असते. चौकशी टाळली की निर्दोषाची भाकर जाते आणि दोषी असेल त्यास हुकूम उलटविण्याचे आयते निमित्त मिळते. दोन्हीकडून नुकसान रयतेचेच !

बडा अधिकारी वकील लावून झगडतो. खेड्यातल्या शिपायाने काय करावे ? बडतर्फीने निवृत्तिवेतन बुडते, पुन्हा सरकारी नोकरीचे दारही बहुधा बंद होते. घर बसते ते बसतेच.

लाचखाऊ, जुलमी पोलीस आम्हांस नकोच. त्यास खुशाल हाकला. पण आरोप लेखी द्या, साक्षीदारांची उलटतपासणी करू द्या, मग निकाल द्या. कुंभारसुद्धा मडके वाजवून पाहिल्याशिवाय फेकीत नाही. आणि ज्यांच्या घरी असा कागद आला असेल, त्यांनी कपाळाला हात लावून बसू नये. चौकशी का टाळली याचे लेखी कारण मागावे, मुदतीत अपील करावे व न्यायाधिकरणाचे दार ठोठवावे. हक्क मागितल्यावाचून मिळत नाही.