पाच लाखांची लोकशाही

पुणे महापालिकेने नागरिकाच्या मताची कमाल किंमत ठरवून टाकली आहे. ती पाच लाख रुपये आहे. नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करतो, असे सांगून क्षेत्रीय कार्यालयांतून अर्ज वाटले जातात. आपल्या भागात कोणते काम हवे ते लिहून द्या म्हणतात, आणि सोबत अट असते की त्या कामाचा खर्च पाच लाखांपलीकडे जाता कामा नये. पालिकेचे 2025-26 चे अंदाजपत्रक 12,618 कोटी रुपयांचे होते. पाच लाख म्हणजे त्या रकमेचा अडीच लाखांवा भाग. नागरिकाने एवढ्यावर बोलायचे. बाकीच्या पैशाचे काय करायचे ते ठरवणारे दुसरेच. या व्यवस्थेला सहभाग म्हणायला आम्ही तयार नाही. ही करदात्याची फसवणूक आहे, आणि ती वीस वर्षे राजरोस चालू आहे.

2006 मध्ये ही पद्धत सुरू झाली तेव्हा देशभर पुण्याचे नाव झाले. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 पासून जे केले, ते आपल्याकडे प्रथम पुण्याने केले असे अभिमानाने सांगितले गेले. पण पोर्तो अलेग्रेत काय झाले होते? तिथे वस्त्यावस्त्यांतल्या सभा रस्ते, सांडपाणी, शाळा यांवरच्या भांडवली खर्चाचा क्रम लावत आणि त्यांनीच निवडलेले प्रतिनिधी त्या क्रमासाठी पालिकेशी भांडत. एवढे दूर जायचे कारण नाही. केरळने 1996 मध्ये लोकयोजना आखली तेव्हा राज्याच्या योजना खर्चातला 35 ते 40 टक्के वाटा आधी स्थानिक संस्थांच्या हवाली केला आणि मग लोकांना चर्चेला बोलावले. पुण्याने लोकांना बोलावले, त्यांचे अर्ज घेतले आणि तिजोरीची किल्ली मात्र स्वतःच्या कनवटीला ठेवली.

त्या अर्जाचे पुढे काय होते ते पाहा. क्षेत्रीय कार्यालयातून तो प्रभाग समितीकडे जातो, तिथून आयुक्तांच्या मसुद्यात, मग स्थायी समितीत, मग मुख्य सभेत. वाटेत कोठेही तो गळू शकतो आणि गाळणाऱ्यावर कारण लिहून देण्याचे बंधन नाही. समजा, तो टिकला आणि अंदाजपत्रकात त्याच्या नावाने तरतूद झाली. तरी निश्चिंती नाही. पालिकेच्या कारभारात वर्गीकरण नावाचे एक हत्यार आहे. एका कामाचा पैसा ठरावाने दुसऱ्या कामाकडे वळवता येतो, आणि आर्थिक वर्ष संपत आले की अशा ठरावांना ऊत येतो. ज्याच्या कामाचा पैसा वळवला जातो त्या नागरिकाला साधी चिठ्ठीही जात नाही. शेजारीच नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ‘स’ यादी असते. तिच्यातून बाकडी येतात, नामफलक येतात, कापडी पिशव्या येतात, आणि त्यांवर नावे झळकतात. पैसा करदात्याचाच. नागरिकाने मागितलेल्या बाकड्याला वर्ष लागते, नावाच्या बाकड्याला पंधरवडा पुरतो. यातला अन्याय ज्यांना टोचत नाही त्यांनी लोकप्रतिनिधी म्हणवून घेऊ नये.

अशा अर्जांत बागांचा विषय काढला की काही शहाणे म्हणतात, पाणी नाही, रस्ते नाहीत, कचरा उचलला जात नाही, आणि तुम्ही फुलझाडे कसली मागता? त्यांना आमचे स्पष्ट सांगणे आहे की बाग ही सुखवस्तू माणसाची हौस नाही. ज्याच्या घराला अंगण आहे किंवा ज्याच्या सोसायटीत हिरवळ आहे त्याचे सार्वजनिक बागेवाचून अडत नाही. पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत, लोहियानगर, ताडीवाला रस्ता, येरवड्यातल्या वस्त्या इथे एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात. त्या खोलीतल्या म्हाताऱ्याला उन्हाळ्याच्या दुपारी सावलीत बसायला, पोराला चेंडू मारायला आणि बाईला चार मोकळे श्वास घ्यायला सार्वजनिक जागेखेरीज जागाच नाही. आणि त्याच दुपारी या शहराच्या बागांना कुलूप असते!

सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास, एवढाच वेळ बहुतेक बागा उघडतात. हे वेळापत्रक कोणासाठी आहे? सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्तांसाठी आणि संध्याकाळी मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी. त्यांचा हक्क आम्ही नाकारत नाही. पण चार घरची धुणीभांडी करणारी बाई सकाळची कामे उरकून संध्याकाळच्या कामांपर्यंत मधले दोन-तीन तास कोठे काढते, हा प्रश्न उद्यान विभागाच्या कोणत्या बैठकीत निघाला? पथारीवाल्याने, रिक्षावाल्याने, डबा घेऊन आलेल्या मजुराने दुपारचा घास कोठे बसून खायचा? या माणसांना विचारले असते तर त्यांनी कारंजे मागितले नसते. दुपारी फाटक उघडे ठेवा, पाण्याचा नळ चालू ठेवा, बायकांचे स्वच्छतागृह कुलूपबंद ठेवू नका, एवढेच मागितले असते. त्याला लागतो एक रखवालदार आणि एक सफाई कामगार. पण हा खर्च भांडवली नाही. त्याची निविदा मोठी निघत नाही आणि त्याचे उद्घाटन होत नाही. म्हणून नव्या बागेला, नव्या कमानीला, नव्या रोषणाईला पैसा सापडतो आणि जुन्या बागेच्या माळ्याच्या पगाराला सापडत नाही. उद्यानांच्या खर्चातले सगळे पाप या एका निवडीत भरलेले आहे. लोकसहभागाचा खरा उपयोग व्हायचा तो ही निवड उलटी करण्यासाठीच, आणि नेमक्या त्याच ठिकाणी लोकांना बोलावले जात नाही.

आता दुसरे टोक पाहा. मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठाच्या सुशोभनाचा प्रकल्प 4,727 कोटी रुपयांचा. नदीकाठ ही या शहराची सर्वांत मोठी मोकळी जागा. तिचे रूप पिढ्यान्‌पिढ्यांसाठी बदलणारा हा निर्णय. मार्च 2022 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले आणि वर्षभरात काठावरच्या जुन्या झाडांवर खुणा पडल्या. मग एप्रिल 2023 मध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले, त्यांनी झाडांना मिठ्या मारल्या. वृक्षसंवर्धनाच्या 1975 च्या कायद्याने हरकती मागवणे भागच होते म्हणून त्या मागवल्या गेल्या. पण आराखडा पक्का झाल्यावर आणि ठेके दिल्यावर मागवलेल्या हरकतीला काय अर्थ उरतो? पाच लाखांच्या पदपथासाठी नागरिकाचे मत आधी घ्यायचे आणि हजारो कोटींच्या नदीकाठासाठी ते नंतर ऐकायचे, हा क्रम कोणत्या लोकशाहीत बसतो?

नागरिक उदासीन आहेत, बैठकांना येत नाहीत, असा कांगावा अधिकारी करतात. हे धादांत खोटे आहे. 2013 मध्ये जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला तेव्हा सुमारे 87 हजार हरकती आणि सूचना आल्या. लोकांनी नकाशे विकत घेतले, आरक्षणे तपासली, सुनावणीसाठी कामधंदा सोडून रांगा लावल्या. शेवटी 2015 मध्ये राज्य सरकारने तो आराखडा पालिकेच्या हातून काढून अधिकाऱ्यांच्या समितीकडे दिला. 1997 मध्ये पालिकेत आलेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवर 978 हेक्टरांचे जैवविविधता उद्यान आरक्षित झाले तेही लोक वर्षानुवर्षे लढले म्हणून. आरक्षणाला मंजुरी मिळाली. पण त्या टेकड्यांचा बराच भाग आजही खासगी मालकीचा आहे, भूसंपादनाचा मोबदला द्यायला पुरेसा पैसा कधी बाजूला काढला गेला नाही, आणि उतारांवर बांधकामे चढतच आहेत. 2021 मध्ये तर पालिकेने ॲमिनिटी स्पेसच्या जागा दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने खासगी हातांत देण्याचा घाट घातला. बागा, दवाखाने, क्रीडांगणे यांसाठी राखलेल्या त्या जागा. तेव्हाही आडवे झाले ते नागरिकच. उदासीन कोण, ते यावरून वाचकांनीच ठरवावे.

मुंबईची कथा वेगळी नाही. मोकळी मैदाने आणि बागा खासगी संस्थांना दत्तक देण्याचे धोरण जानेवारी 2016 मध्ये तिथल्या सभागृहाने मंजूर केले आणि लोकक्षोभ उसळल्यावर मुख्यमंत्र्यांना ते थांबवावे लागले. 2023 मध्ये तसेच धोरण मसुद्याच्या रूपाने पुन्हा पुढे आले. 2025-26 साठी 74,427 कोटींचे अंदाजपत्रक मांडलेली महापालिका म्हणते की बागा सांभाळायला दुसरा कोणी पाहिजे. जिची तिजोरी एवढी भरलेली आहे तिने असे म्हणणे म्हणजे पैशाचा अभाव नव्हे, इच्छेचा अभाव आहे. दत्तक दिलेल्या मैदानांवर क्लब उभे राहतात आणि सामान्य माणसाला फाटकावर अडवले जाते, हा अनुभव मुंबईने एकदा घेतला आहे. पुण्याने तो घेण्याची गरज नाही.

या पुण्याच्याच नगरपालिकेत 1876 ते 1882 या काळात जोतीराव फुले सभासद होते. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून शहर सजवण्यासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव 1880 मध्ये आला. बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवा, असे त्यांचे म्हणणे होते. ते सरकारनियुक्त सभासद होते. त्यांना मते मागायला कोणाच्या दारी जायचे नव्हते. तरीही लोकांच्या पैशाने साहेबाची शोभा होऊ नये, हे त्यांनी भर सभेत सांगितले. आज 165 नगरसेवक लोकांच्या मतांवर निवडून आलेले आहेत. त्यांच्यातला एक तरी सजावटीच्या ठरावावर हात खाली ठेवील काय?

लोकसहभागाचा कायदाच नाही म्हणून हे घडते, असे कोणी म्हणू नये. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आहे. तीन लाखांवरच्या लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या तिने बंधनकारक केल्या. आपल्या महापालिका अधिनियमाने त्या समित्यांवर लोकसंस्थांचे तीन प्रतिनिधीपर्यंत घेण्याची सोय केली. मग केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेचा पैसा मिळवायचा तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट आली आणि 2009 मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात घातली. दोन ते पाच मतदान केंद्रांचे एक क्षेत्र, त्यातला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य, आणि दोन वर्षांत चार सभा न घेणाऱ्या नगरसेवकाचे पद जाऊ शकेल, अशी ती तरतूद. केंद्राचा पैसा आला, रस्त्यांवर बसच्या मार्गिका आल्या, पूल आले. क्षेत्रसभा मात्र आली नाही. तिच्या हद्दी आखायला कोणाला वेळ झाला नाही. सर्व पक्ष सत्तेत येऊन गेले आणि या एका गोष्टीवर सर्वांचे एकमत राहिले. ग्रामसभेला गावात जो मान आहे तो शहरातल्या मतदाराला द्यायचा नाही, हे ते एकमत.

आणि मग प्रशासकांचा काळ आला. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली ती संपली. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये बजावले तेव्हा कोठे निवडणुकीला गती आली, आणि मतदान झाले जानेवारी 2026 मध्ये. जवळजवळ चार वर्षे जो अधिकारी आयुक्त म्हणून अंदाजपत्रक मांडत होता, तोच प्रशासक म्हणून ते मंजूर करत होता. हजारो कोटींवर एका माणसाच्या दोन सह्या, मध्ये एकही प्रश्न नाही. गुलामीच्या काळातल्या नगरपालिकेत निदान जोतीरावांना उभे राहून विरोध करता आला होता.

आता सभागृह भरले आहे, सबबी संपल्या आहेत. आमच्या मागण्या नेमक्या आहेत. पाच लाखांची मर्यादा याच वर्षी काढा आणि प्रत्येक प्रभागाच्या भांडवली तरतुदीतला ठरलेला हिस्सा क्षेत्रसभेच्या क्रमाने खर्च करण्याचा ठराव मुख्य सभेत मंजूर करा. नागरिकांनी सुचवलेल्या कामाच्या पैशाला वर्गीकरण लावायचे नाही, असे त्याच ठरावात लिहा. सूचना फेटाळली तर फेटाळणाऱ्याच्या सहीने कारण द्या. उद्यानांच्या तरतुदीत देखभालीचा पैसा आधी बाजूला काढा, नव्या बांधकामाचा नंतर. आणि बागांची कुलपे दुपारी उघडा, त्यासाठी कोणत्याही अंदाजपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. क्षेत्रांच्या हद्दी तातडीने जाहीर करा. चार सदस्यांच्या प्रभागात बागेला उत्तरदायी कोण हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून कोणता नगरसेवक कोणत्या क्षेत्राची सभा घेणार हेही नावानिशी सांगा.

नागरिकांनीही आता अर्जाच्या रांगेत समाधान मानू नये. पहिल्या क्षेत्रसभेची लेखी मागणी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात आजच नोंदवावी, पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. या सभागृहाची पहिली दोन वर्षे जानेवारी 2028 च्या सुमारास भरतील. ज्या नगरसेवकाच्या नावावर तोवर चार सभा नसतील, त्याचे पद रद्द करा, असा अर्ज याच पोचपावत्या जोडून दाखल झाला पाहिजे, मग तो नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो.